तयार टिपणांनी तत्त्वज्ञान येत नाही

तत्त्वज्ञान स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना अलीकडे एक सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मुळातूनच चुकीचा वाटतो. सल्ला असा: स्वतः टिपणं काढत बसू नका, तयार नोट्स घ्या. त्या नसतील तर एआयकडून ग्रंथाचा सारांश करून घ्या, तो एखाद्या चांगल्या ॲपमध्ये साठवा आणि पुढच्या ग्रंथाकडे वळा. लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबीसारख्या गावात हा सल्ला जास्तच पटतो. इथे तत्त्वज्ञानाचं महाविद्यालय नाही, शंका विचारायला प्राध्यापक नाही आणि मेहकर किंवा सिंदखेड राजाच्या अभ्यासिकेत जाणाऱ्याच्या हातात झेरॉक्सच्या नोट्स आधीपासूनच असतात. सल्ला देणारे लोक वाईट नाहीत. बरेच जण कळकळीने बोलतात. म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडतो आणि मग ती का टिकत नाही ते सांगतो.

त्यांचं म्हणणं चार भागांत मांडता येतं. पहिलं, वेळ. अख्खा ग्रंथ वाचून टिपणं काढायला महिने जातात, सारांश क्षणात मिळतो आणि पुष्कळदा नवख्याच्या टिपणापेक्षा तो अचूक असतो. दुसरं, साधनं. आता नोंदी एकमेकींना जोडणारी, हवा तो शब्द शोधून देणारी ॲप आहेत, मग वही-पेनाला चिकटून राहण्यात काय हशील? तिसरं, मार्गदर्शक. गुरू नसलेल्या गावात स्वतः काढलेल्या टिपणात चुका राहणार आणि त्या पक्क्या होणार. चौथं जुन्या पठडीतली माणसं सांगतात: आपली परंपरा मुखोद्गत विद्येची आहे, ज्याला खरोखर कळलं त्याला कागद लागत नाही.

यातलं बरंच मला मान्य आहे. परीक्षेपुरता अभ्यास करायचा असेल तर तयार नोट्स जरूर वापराव्यात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. त्यासाठी कांट आणि उपयुक्ततावाद चार दिवसांत उरकणाऱ्या उमेदवाराला मी दोष देणार नाही. त्याची लढाई वेगळी आहे. फोनलाही माझा विरोध नाही. मराठी विश्वकोश आज फोनवर फुकट उघडतो, इग्नूचं तत्त्वज्ञानाचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशावर वाचता येतं आणि जुन्या ग्रंथांच्या छापील प्रती घरबसल्या पाहता येतात. वीस वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या वाचकाला यातलं काहीच मिळत नव्हतं. माझा वाद फक्त एका दाव्याशी आहे. सारांश वाचला म्हणजे तत्त्वज्ञान शिकून झालं, हा तो दावा.

तो कुठे फसतो हे उदाहरणानेच दाखवतो. कोणत्याही तयार नोट्समध्ये चार्वाकांवर एक वाक्य असतंच: चार्वाक फक्त प्रत्यक्ष हेच प्रमाण मानतात, अनुमान मानत नाहीत. वाक्य ढोबळमानाने बरोबर आहे. परीक्षेत गुणही मिळतील. पण हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला विचारा, की अनुमान नाकारण्यासारखी विचित्र वाटणारी गोष्ट शहाण्या माणसांनी का केली? तो गप्प होतो. कारण ते ‘का’ नोट्समध्ये नव्हतंच.

आता चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ उघडा. त्याचं पहिलंच प्रकरण चार्वाकांचं आहे. तिथला युक्तिवाद असा: डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते ‘जिथे धूर तिथे अग्नी’ या व्याप्तीच्या जोरावर. ही व्याप्ती कळली कशी? प्रत्यक्षाने म्हणाल, तर डोळ्यांना समोरचे चार धूर दिसतात. भूतकाळातले, भविष्यातले आणि दूरदेशीचे सगळे धूर दिसत नाहीत. अनुमानाने म्हणाल, तर त्या अनुमानालाही व्याप्ती लागेल, तिला पुन्हा अनुमान, आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही. कुणाच्या सांगण्यावरून म्हणाल, तर सांगणाऱ्याच्या शब्दाचा अर्थ लावायला आणि त्याच्यावर विश्वास ठेवायलाही अनुमानच लागतं. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७४८ च्या ग्रंथात जवळपास हीच अडचण युरोपपुढे ठेवली. सूर्य आजवर रोज उगवला, तेवढ्यावरून तो उद्या उगवेल हे सिद्ध कसं होतं, असा त्याचा प्रश्न होता.

हे वाचणाऱ्याने वही उघडून युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत लिहिला आणि त्याखाली आपल्या शिवारातलं उदाहरण मांडलं, की काय घडतं ते पाहा. आमच्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सोयाबीन पेरायची घाई होते. पाऊस आला, म्हणजे पुढचाही येईल, म्हणजे बी उगवेल. हे अनुमानच आहे. मग पावसाने उघडीप दिली, बी करपलं, दुबार पेरणीची पाळी आली. चार्वाक खरे ठरले का? इथे लिहिणारा थांबतो. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका. म्हणजे ‘पाऊस पडला की बी उगवतं’ ही व्याप्तीच कच्ची होती, तिच्यात ओलीची अट दडलेली होती. अशा दडलेल्या अटीला न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, उपाधी म्हणतात. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे खरं नाही, कारण त्यात सरपण ओलं असण्याची उपाधी आहे, असं त्यांचं नेहमीचं उदाहरण. मग नैयायिक जिंकले का? चार्वाकाचं उत्तर त्याच प्रकरणात आहे: एक उपाधी सापडली, पण आणखी एखादी दडलेली नाही हे कशावरून? यावर दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त बजावतात, की शंकेलाही मर्यादा असते. माणूस धूर हवा म्हणून अग्नी पेटवतो, भूक लागली म्हणून जेवतो. त्याची स्वतःची कृतीच त्याच्या शंकेला खोटं पाडते. शेतकरी शंका असूनही पेरतो. मग वाचकाचा स्वतःचा प्रश्न वहीत उतरतो: पेरणं हे ज्ञानाचं लक्षण आहे की आशेचं? कृतीवरून ज्ञान सिद्ध होतं का?

हा शेवटचा प्रश्न कोणत्याही सारांशात मिळाला नसता. तो त्या वाचकाचा आहे, आणि तो पडला त्या क्षणी त्याचं तत्त्वज्ञान सुरू झालं. तयार सारांशात निष्कर्ष असतो, पण ज्या वाटेने निष्कर्षापर्यंत जावं लागतं ती वाट कापून टाकलेली असते. इतिहासातली सनावळी किंवा रसायनातलं सूत्र दुसऱ्याने काढून दिलं तरी वापरता येतं. तत्त्वज्ञानात निष्कर्ष हा सगळ्यांत स्वस्त भाग आहे. शंकराचार्यांनी जगाला मिथ्या म्हटलं हे गावातला कुणीही सांगेल. त्यांनी कुणाचा कोणता आक्षेप समोर ठेवून ते म्हटलं, हे कळायला दुसऱ्याने केलेला सारांश पुरत नाही. सारांश करणारा, माणूस असो की यंत्र, जागा वाचवायला पहिल्यांदा आक्षेपच गाळतो.

चार्वाकांची गोष्ट याच बाबतीत आणखी एक धडा देते. त्यांचे मूळ ग्रंथ आज जवळजवळ हाती नाहीत. आपल्याला ते कळतात ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून. ज्यांना चार्वाक खोडून काढायचे होते त्यांनी आधी त्यांची बाजू लिहिली, म्हणून आपण आज तिच्यावर बोलतो. ती बाजू त्यांनी कितपत न्यायाने लिहिली, हा प्रश्नही वाचकाने समासात लिहायलाच हवा. विरोधकाची बाजू त्याला स्वतःला मान्य होईल अशा ताकदीने लिहिणं हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचं पहिलं काम आहे. ते दुसऱ्याकडून करून घेतलं, तर आपल्याकडे काय उरलं?

आता साधनांचा मुद्दा. नोंदी जोडण्याच्या ॲपची वाखाणणी करणारे लोक निकलास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव घेतात. त्याच्या लाकडी कप्प्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या, एकीवर दुसरीचा क्रमांक घातलेला, आणि त्यांच्या आधाराने त्याने कितीतरी पुस्तकं लिहिली. हे खरं आहे. पण या माणसाने काही दशकं, एकेक चिठ्ठी, स्वतःच्या वाक्यांत, हाताने लिहिली होती. कप्प्यांमुळे विचार आला नाही. विचार लिहून होत गेला आणि कप्पे भरत गेले. आज पुष्कळ लोक कप्पे विकत घेतात आणि त्यांत दुसऱ्यांची वाक्यं भरतात. ॲपमध्ये चिकटवलेले दोनशे उतारे आणि त्यांच्यामध्ये ओढलेल्या रेषा बघायला देखण्या दिसतात, पण त्यांत वाचकाचं एकही विधान नसेल तर तो नुसता साठा आहे.

साधनं तुटपुंजी असली तर अभ्यास होत नाही, ही भीती तर आपल्याच इतिहासाने खोटी ठरवली आहे. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं, ते शिसपेन्सिलीने, वह्यांमध्ये. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत, आणि समोर बसलेले साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ उभी राहिली. साने गुरुजी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहून शिकलेले होते. ही संस्था प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ च्या सुमारास उभी राहिली. खानदेशातल्या लहान गावात तत्त्वज्ञानाचं अभ्यासकेंद्र असू शकतं, हे तिने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. मंडाले आणि धुळे या दोन्ही ठिकाणी साधनांची वाण होती. पण टिळकांना एका गोष्टीची वाण नव्हती, ग्रंथांची. त्यांनी पुण्याहून मोठा ग्रंथसंग्रह मागवून घेतला होता. म्हणून माझं सांगणं आहे, टॅबलेटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत आधी पुस्तकं घ्या. वही आणि पेन उरलेल्या पैशांत सहज येतात.

पण या वादात माझा सगळ्यांत भक्कम साक्षीदार मंडालेचा नाही की जर्मनीचा नाही. तो आमच्याच परिसरातला आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी लोणार आणि मेहकरला आले होते, तसे प्रसंग ‘लीळाचरित्रा’त आहेत. म्हणजे बीबीच्या आजूबाजूच्या वाटांवर तेराव्या शतकात मराठीतून तत्त्वज्ञान बोललं गेलं. चक्रधर गेल्यानंतर त्यांच्या पंथातल्या म्हाइंभटाने काय केलं ते पाहा. ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांच्याकडे जाऊन त्याने आठवणी गोळा केल्या, पंथाचे पुढचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या आणि लिहून काढल्या. सांगणाऱ्यांमध्ये स्त्रिया होत्या, अगदी साधी माणसं होती. प्रसंग कुठे घडला, समोर कोण होतं, कोणत्या निमित्ताने काय बोलणं झालं, हे सगळं त्या नोंदींत आहे. म्हाइंभट विद्वान पंडित होता. चक्रधरांचे सिद्धांत चार पानांत गोळा करून मोकळं होणं त्याला सहज शक्य होतं. त्याने तसं केलं नाही, कारण विधान ज्या प्रसंगातून निघालं तो प्रसंग गेला तर विधानाचा अर्थही जातो, हे तो जाणून होता.

त्यानंतर त्याच पंथातल्या केसोबासाने दुसरं काम केलं. लीळांमधली चक्रधरांची वचनं वेचून त्यातून ‘सूत्रपाठ’ तयार झाला आणि ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आले. दृष्टांतपाठाची रचना पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग चक्रधरांनी सांगितलेला दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे तो दृष्टांत त्या सूत्राला कसा लागू पडतो याचा केसोबासाने स्वतः करून दाखवलेला उलगडा. पहिली दोन अंगं गुरूची आणि तिसरं विद्यार्थ्याचं. स्वतः तत्त्वज्ञान शिकणाऱ्याच्या वहीला याहून चांगला नमुना मला माहीत नाही. वर सोयाबीनच्या उदाहरणात जे केलं ते यापेक्षा वेगळं नव्हतं. फरक एवढाच, की दृष्टांतही आपणच आपल्या शिवारातून आणला.

इथे कुणी म्हणेल, सूत्रपाठ हाही सारांशच की! मी म्हणतो, बरोबर. पण तो कोणत्या क्रमाने झाला ते बघा. आधी लीळा, मग सूत्र. शिवाय सूत्रांच्या मागे लीळा जपून ठेवल्या गेल्या आणि कोणतं वचन कोणत्या प्रसंगातलं, याचा शोध त्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या चालला. सूत्रांवर भाष्यं झाली, वाद झाले. स्वतः वाचून, स्वतः कापून काढलेला सारांश हा अभ्यासाचा कळस असतो. त्याच सारांशाने अभ्यास सुरू केला की मागे परत जायला लीळाच उरत नाहीत.

तिसरा आक्षेप चुकांचा होता, आणि त्याचंही उत्तर याच परंपरेत आहे. खिलजीच्या फौजेच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी गेली आणि ग्रंथ पुन्हा स्मरणातून उभा करावा लागला, असं परंपरा सांगते. त्यामुळे हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, पिढीपाठ असे वेगवेगळे पाठ तयार झाले. अशा वेळी सोपा मार्ग एकच होता: एक पाठ खरा ठरवायचा, बाकीचे पुसून टाकायचे. पण महानुभावांनी पाठभेद नोंदवून ठेवले. अमुक असं म्हणतात, तमुक तसं म्हणतात, असं लिहून पुढच्या वाचकाच्या हाती निर्णयाचं साहित्य दिलं. आपल्या जिल्ह्यातल्या नरवेलला १९०८ साली जन्मलेल्या वि. भि. कोलत्यांनी पोथ्या ताडून पाहून ‘लीळाचरित्र’ संपादित केलं आणि १९७८ साली ते प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यांच्या हाताशी ही सात शतकांची चोख नोंद होती. टिपणात चूक राहील, ही भीती खरी आहे. पण कागदावरची चूक पकडता येते. डोक्यातल्या धूसर समजुतीतली चूक पकडायला जागाच नसते. आणि दुसऱ्याच्या तयार नोट्समध्ये चूक असेल, एआयने एकाचं मत दुसऱ्याच्या तोंडी घातलं असेल, तर ज्याने मूळ ग्रंथ उघडलाच नाही त्याला ती कधी दिसणार? गुरू नसलेल्या गावात तर वही जास्तच लागते, कारण तिथे आपली तपासणी करणारं आपल्याशिवाय कुणी नसतं.

चौथा आक्षेप मुखोद्गत विद्येचा. याचं उत्तर मी आदराने देतो, कारण हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला हे मीच आत्ता सांगितलं. पाठांतर हे मोठं साधन आहे आणि ते आपण फार लवकर टाकून दिलं. लिहिल्याने स्मरण दुबळं होतं, ही तक्रार प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादातही सॉक्रेटिसाच्या तोंडी आहे. पण ती आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोने लिहिली म्हणून. शिवाय आमच्या गावांत मौखिक तत्त्वज्ञानाची वाण कधीच नव्हती. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, बुद्धविहारात वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, महानुभाव आश्रमांत सूत्रांचं निरूपण चालतं. ज्ञान कानांवर भरपूर पडतं. ऐकणाऱ्याला तिथे प्रश्न विचारायला अवसर मात्र फार थोडा असतो. पारायण पूर्ण झाल्याचं समाधान असतं, पण सहाव्या दिवशी ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी ऐकलेल्या गोष्टीशी जुळते का, हे कुणी पडताळत नाही. ते पडताळायला लिहावं लागतं. ऐकून घरी आल्यावर वहीत उतरलेला एक प्रश्न त्या पारायणाचा अपमान करत नाही, उलट ते किती गंभीरपणे ऐकलं याची ती खूण आहे.

भाषेबद्दलही बोललं पाहिजे, कारण तयार नोट्सचा व्यवहार बहुतेक इंग्रजीत चालतो आणि मराठीत तत्त्वज्ञान होत नाही असा समज त्यातून पसरतो. संस्कृत पंडित असलेल्या केसोबासाला नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला, कारण संस्कृतात लिहिलं तर साध्या बायाबापड्या वंचित राहतील, ही आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. विसाव्या शतकात देवीदास दत्तात्रय वाडेकरांनी ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत उभा केला. तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९४७ साली सुरू झालेलं ‘नवभारत’ मासिक वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाने चालवलं आणि मे. पुं. रेग्यांसारख्या तत्त्वज्ञाने त्याचं संपादन केलं. आपल्या विदर्भात दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू केला आणि त्यात विवेकवादाची बारकाईने मांडणी केली. हे सगळं मराठीत आहे. मूळ ग्रंथ कोणत्याही भाषेत वाचा, टिपण मात्र ज्या भाषेत आपण भांडतो त्याच भाषेत काढा. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवून घेताना न कळलेलंही कळल्यासारखं वाटतं. तेच मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहायला गेलं की कुठे कळलं नाही ते त्या ओळीवर ताबडतोब उघडं पडतं.

मग वही ठेवायची कशी? यातही परंपरेने पुष्कळ काम करून ठेवलं आहे. ब्रह्मसूत्रांवरच्या चर्चेत एकेक प्रश्न अधिकरण म्हणून घेतला जातो आणि त्याची पाच अंगं मानली जातात: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगती. प्रत्येक पान याच पाचांत लिहावं. विषय म्हणजे ग्रंथकार कशाबद्दल बोलतो आहे. संशय म्हणजे नेमका प्रश्न, आणि त्याला निदान दोन उत्तरं शक्य असली पाहिजेत, नाहीतर तो प्रश्नच नव्हे. पूर्वपक्ष म्हणजे विरोधकाची बाजू, पूर्ण ताकदीने. सिद्धांत म्हणजे ग्रंथकाराचं उत्तर, त्याच्या हेतूंसह. संगती म्हणजे हे पान मागच्या कोणत्या पानाशी जोडलं जातं. ॲप जे जोडण्याचं काम करतं म्हणून मिरवतं, ते हेच. फक्त इथे जोड कशी लागते ते एका वाक्यात लिहावं लागतं आणि ते वाक्यच खरं काम आहे.

लिहिताना पुस्तक मिटलेलं असावं. उघड्या पुस्तकातून उतरवलेलं टिपण नक्कल असतं. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून ताडून पाहावं आणि पानाचा क्रमांक, आवृत्ती, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव घालावं. डाव्या पानावर ग्रंथ, उजव्या पानावर आपण. आपला आक्षेप ग्रंथकाराच्या वाक्यांत कधीही मिसळू नये, कारण सहा महिन्यांनी कोण बोललं होतं ते ओळखू येत नाही. प्रत्येक नोंदीला तारीख घालावी. मत बदललं तर जुनं खोडू नये, खाली नवी तारीख घालून नवं लिहावं. पाठभेद जपण्याची म्हाइंभटांच्या परंपरेची शिस्त एका माणसाच्या वहीतही पाळता येते. आपलाच आधीचा पाठ आणि आपलाच नंतरचा पाठ शेजारी दिसले, की आपण विचार कसा बदलला आणि तो बदल योग्य कारणाने झाला की नुसता नव्या पुस्तकाच्या प्रभावाने, हे तपासता येतं.

आणि एआय? त्याचा उपयोग करावा, पण टिपण लिहून झाल्यावर. आपलं पान त्याच्यापुढे ठेवावं आणि सारांश मागण्याऐवजी आक्षेप मागावा: या युक्तिवादातली सगळ्यांत कमकुवत पायरी कोणती? उत्तर आलं की ते मूळ ग्रंथाशी ताडावं. गुरू नसलेल्या गावात पूर्वपक्ष करणारा कुणीतरी मिळाला, हा फायदाच आहे. शक्य असेल तर मात्र तो पूर्वपक्ष माणसाने करावा. वाचनालयात, विहारात, देवळाच्या सभामंडपात दोघांनी बसून एकाने आपलं पान वाचावं आणि दुसऱ्याने फक्त विरोध करावा. नैयायिकांनी सत्यासाठी चाललेला वाद, जिंकण्यासाठी चाललेला जल्प आणि नुसतं खोडून काढणारी वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. दोघांनी आधीच ठरवून घ्यावं, की आपण पहिला प्रकार करायला बसलो आहोत.

एक प्रश्न उरतो, तो पुस्तकांचा. तो विद्यार्थ्याने एकट्याने सोडवायचा नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड वर्गांच्या ग्रंथालयांना अनुदान मिळतं. गावच्या ग्रंथालयात कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं येतात, तशी ‘लीळाचरित्र’, ‘दृष्टांतपाठ’, वाडेकरांचा महाकोश, ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा अनुवाद, प्लेटोच्या संवादांचे अनुवाद यावेत. मागणी नोंदवल्याशिवाय ते येणार नाहीत. ग्रंथपालाच्या नोंदवहीत लेखी मागणी करणं हादेखील या अभ्यासाचा भाग आहे असं मी मानतो.

शिक्षकांना, पालकांना आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तत्त्वज्ञानाची आवड असलेल्या मुलाला ‘किती ग्रंथ झाले?’ असं विचारू नका. त्याला म्हणा, तू लिहिलेलं एक पान दाखव, ज्यात तुला न पटणारी बाजू तू इतकी चांगली मांडली आहेस, की ती बाजू मानणारा माणूस तुझे आभार मानेल. असं एक पान ज्याच्याकडे आहे, तो तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आहे, मग तो पुण्यात असो की बीबीत. असं एकही पान नसलेल्याने शंभर सारांश वाचले असले, तरी त्याला दुसऱ्यांची मतं माहीत झाली आहेत, एवढंच म्हणता येईल. त्याच्या डोक्यात अजून एकही वाद झालेला नाही, आणि तो वाद त्याच्या वतीने दुसरं कुणी घालू शकत नाही.